बाळंतपणाचा हिशेब : मुंबईच्या गिरण्या आणि १९२९ चा कायदा

आजारपणात किंवा बाळंतपणात घरातली मजुरी किती दिवस बुडते, ती खोट भरून काढण्यासाठी किती कर्ज काढावे लागते आणि त्या कर्जाचे व्याज शेवटी घरातल्या कोणाच्या ताटातून वजा होते, हे प्रश्न आज आरोग्याच्या अर्थशास्त्राचे मानले जातात. आरोग्यावर होणारा खर्च, अनारोग्यामुळे होणारे नुकसान आणि त्या दोहोंचा भार समाजात कोणावर किती पडतो, याचा शोध घेणारी ही ज्ञानशाखा विद्यापीठांतून दुसऱ्या महायुद्धानंतर उभी राहिली; परंतु तिच्यातला मुख्य प्रश्न मुंबईच्या गिरणगावात त्याआधी काही दशके विचारला गेला होता, आणि त्याच्या उत्तरातून कायदाही झाला होता. १९२९ चा मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा हा हिंदुस्थानातला त्या प्रकारचा पहिला कायदा होय. तो कसा घडला, त्यामागे कोणते आकडे होते आणि त्यात कोणती उणीव राहून गेली, हे पाहिले म्हणजे संशोधन आणि राज्यकारभार यांचे नाते किती उपयोगी आणि तितकेच किती अपुरे असू शकते, हे दिसते.

पहिल्या महायुद्धानंतरच्या मुंबईत महागाई, इन्फ्लुएंझाची साथ आणि गिरण्यांतले संप एकापाठोपाठ आले. १९२० च्या संपानंतर गिरण्यांत दहा तासांचा दिवस आला. कामगार नेमका काय खातो, काय कमावतो आणि त्याची देणी किती आहेत, याची सरकारकडे धड नोंद नव्हती, आणि नोंदीवाचून मजुरीचा कोणताही तंटा सोडवता येत नव्हता. या गरजेतून १९२१ मध्ये मुंबई सरकारने कामगार कचेरी, म्हणजे लेबर ऑफिस, स्थापन केली आणि तिचे ‘लेबर गॅझेट’ हे मासिक सुरू झाले. कचेरीचे पहिले मोठे काम म्हणजे १९२१-२२ मधली कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी. कचेरीचे प्रमुख फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली २,४७३ कुटुंबे आणि ६०३ एकटे राहणारे पुरुष यांची माहिती गोळा करण्यात आली आणि १९२३ मध्ये तिचा अहवाल छापला गेला.

अशा पाहणीची पद्धत सांगायला सोपी असली तरी प्रत्यक्ष काम अवघड होते. तपासनीस चाळीतल्या खोलीत जाऊन महिन्याचे धान्य, डाळ, तेल, सरपण, भाडे, कपडा, गावी पाठवलेले पैसे आणि सावकाराचा हप्ता असे एकेक कलम विचारून घेत असे. बहुतेक घरांत लिहून ठेवलेला हिशेब नसे, त्यामुळे बाईच्या आठवणीवर आणि वाण्याच्या वहीवर भिस्त ठेवावी लागे. तरीही या पाहणीतून जे चित्र निघाले ते आजही वाचताना मन विषण्ण करते. कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत सुमारे ५२ रुपये होती. खर्चाचा ५७ टक्क्यांच्या जवळपास वाटा एकट्या अन्नावर जात होता. आणि ४७ टक्के कुटुंबे कर्जात होती. व्याजाचा रूढ दर रुपयाला महिन्याकाठी एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा ७५ होता. अहवालाने कामगाराच्या धान्याच्या खपाची तुलना सरकारच्याच दोन मापांशी केली: दुष्काळात मजुराला द्यावयाच्या शिध्याच्या मापाइतपत हा खप भरत होता, पण मुंबईच्या तुरुंगातल्या कैद्यासाठी ठरवलेल्या शिध्याइतका भरत नव्हता. सूत कातून आणि कापड विणून शहराला श्रीमंत करणारा माणूस कैद्यापेक्षा कमी खातो, हे सरकारी कचेरीनेच छापल्यावर ते नाकारणे कोणालाही सोपे राहिले नाही.

याच काळात दुसरी एक संख्या शहराला अस्वस्थ करत होती. अर्भक मृत्युदर म्हणजे एका वर्षात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे एक वर्षाच्या आतील किती मुले दगावली ते प्रमाण. १९२१ मध्ये मुंबई शहरात हे प्रमाण हजारी साडेसहाशेच्या वर गेले होते. महापालिकेच्या आरोग्य खात्याने हेच मृत्यू राहत्या खोल्यांच्या संख्येनुसार वेगळे करून पाहिले, तेव्हा एका खोलीत किंवा त्याहूनही कमी जागेत राहणाऱ्यांत हा दर हजारी ८२८, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१ आणि चार किंवा अधिक खोल्यांत १३३ असा निघाला. त्या वर्षीच्या शिरगणतीप्रमाणे शहराची सुमारे दोन तृतीयांश वस्ती एकाच खोलीच्या बिऱ्हाडांत, सरासरी चार-चार माणसांनी, राहत होती.

हे आकडे जसेच्या तसे घेता येत नाहीत. गिरणीतल्या पुष्कळशा बायका बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी जात आणि तान्हे मूल घेऊन मुंबईला परतत. मुलाचा जन्म त्यामुळे शहराच्या नोंदवहीत येत नसे, मृत्यू मात्र येत असे. शिवाय शहरातल्या शहरातही जन्माची नोंद करण्यात हलगर्जी होती. म्हणजे भागाकारात छेद खरा होता त्याहून लहान पडत होता आणि दर फुगत होता, आणि एका खोलीत राहणारे लोकच गावी जास्त जात असल्याने त्यांचा दर सर्वांत जास्त फुगत होता. एवढी वजावट केली तरी एका खोलीतले मूल आणि चार खोल्यांतले मूल यांच्या जगण्याच्या शक्यतेतली दरी बुजत नाही. आकड्याचा दोष दाखवून त्यामागचे दुःखच खोटे ठरवायचे, हा मार्ग त्या वेळीही काहींनी धरला होता. प्रामाणिक संशोधकाने दोष सांगावा आणि मग उरलेले सत्यही तितक्याच स्पष्टपणे सांगावे, हे बरे.

प्रसूतीचा प्रश्न स्वतंत्रपणे पुढे येण्याला एक आंतरराष्ट्रीय निमित्तही झाले. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने कामगार स्त्रीला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर सहा-सहा आठवड्यांची रजा आणि त्या काळात निर्वाहापुरते पैसे मिळावेत, असा करार संमत केला. हिंदुस्थानावर तो लगेच लादला गेला नाही. येथील सरकारने स्त्रियांच्या स्थितीची चौकशी करून कळवावे, एवढेच सांगण्यात आले. मुंबई सरकारने त्यानंतर डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांना गिरण्यांतल्या स्त्रियांची पाहणी करण्यासाठी नेमले आणि १९२२ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्या वेळी मुंबईच्या गिरण्यांतल्या दर पाच कामगारांत साधारण एक स्त्री होती. वायडिंग आणि रिळिंग, म्हणजे सूत कांडीवर गुंडाळण्याची आणि त्याच्या लडी करण्याची खाती, ही बायकांची खाती समजली जात. मजुरी उक्त्या कामाची, म्हणजे जेवढे सूत गुंडाळले तेवढे पैसे. खात्यावर नायकीण नेमलेली असे. कामावर घेणे आणि काढणे व्यवहारात तिच्याच हाती असे. अशा ठिकाणी गरोदर बाई शक्य तितके दिवस काम सोडत नसे आणि मूल झाल्यावर शक्य तितक्या लवकर परत येत असे, कारण जागा गेली की नायकिणीच्या पुन्हा विनवण्या करणे आले. मग दहा तास घरी राहणाऱ्या तान्ह्या मुलाचे काय, याचे उत्तर बार्न्सबाईंना खोलीखोलीत एकच मिळाले. त्यांच्या पाहणीप्रमाणे गिरणीत जाणाऱ्या स्त्रियांच्या शेकडा ९८ अर्भकांना अफू दिली जात होती.

या अफूला बाजारात ‘बाळगोळी’ म्हणत. सकाळी भोंगा होण्याआधी आई मुलाला पाजून, लहानशी गोळी दुधात किंवा पाण्यात उगाळून चाटवी. मूल गुंगीत पडून राही, त्याला सांभाळणारी म्हातारी किंवा सात-आठ वर्षांची बहीण आपापल्या कामाला मोकळी होई, आणि आईला दहा तास उभे राहता येई. मूल रडत नसे म्हणून भूकही मागत नसे, आणि त्यामुळे खंगत जाई. या गोळीबद्दल आईच्या अडाणीपणावर ठपका ठेवणारे लेख त्या काळी कमी लिहिले गेले नाहीत. परंतु जमाखर्चाची पाहणी आणि बार्न्सबाईंची पाहणी शेजारी ठेवली की दोष कोठे आहे ते उघड होते. घरात ५२ रुपये येत असताना बाईची मजुरी दोन महिने थांबली, तर वाण्याची उधारी किंवा सावकार यांवाचून तिसरा मार्ग नव्हता. समजा, अशा घराने बाळंतपणासाठी पंचवीस रुपये काढले, तर आण्याच्या दराने महिन्याला एक रुपया नऊ आणे आणि वर्षाला अठरा रुपये बारा आणे नुसते व्याज होई, आणि मुद्दल तसेच राही. आई जेवढे दिवस घरी राही तेवढे कर्ज वाढे. जेवढे लवकर परते तेवढी अफू वाढे. गोळी हा त्या घराचा अतिशय क्रूर पण सुसंगत असा आर्थिक निर्णय होता.

हे एकदा मांडले गेल्यावर उपायाची दिशा बदलली. मुलाला अफू देऊ नका असे सांगणारी पत्रके वाटण्यापेक्षा आईला काही आठवड्यांची मजुरी देणे हाच आरोग्याचा उपाय ठरतो, हे ओळखणाऱ्यांत नारायण मल्हार जोशी अग्रभागी होते. भारत सेवक समाजाचे सदस्य आणि सोशल सर्व्हिस लीगचे संस्थापक असलेल्या जोशींनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक मांडले. ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. बाया बाळंतपणाला गावीच जातात, त्यांना पैशांची गरज नाही, कारखानदारीवर हा बोजा झेपणारा नाही, अशी कारणे पुढे करण्यात आली. तेव्हा प्रश्न मुंबईच्या विधिमंडळात आला आणि तेथील सदस्य असवले यांनी विधेयक मांडले.

२८ जुलै १९२८ रोजी या विधेयकावर डॉ. भीमराव आंबेडकर बोलले, तेव्हा मुंबईच्या गिरण्या सार्वत्रिक संपामुळे महिनोन्‌महिने बंद होत्या. आंबेडकर कायदेपंडित म्हणून सर्वांना माहीत असतात, पण ते मुळात अर्थशास्त्रज्ञ होते, आणि या भाषणाची बांधणी अर्थशास्त्रज्ञाची आहे. आईला प्रसूतीच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, हे त्यांनी आधी प्रस्थापित केले. त्यातून, हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलला पाहिजे, कारण लोकांच्या कल्याणाचे रक्षण हे प्रथम सरकारचे काम आहे, हे तत्त्व त्यांनी उघडपणे मान्य केले. परंतु सरकार ते करत नाही म्हणून मालकाची सुटका होत नाही, असे ते पुढे म्हणाले. मालक स्त्रियांना कामाला लावतो ते त्यात त्याला पुरुषांना लावण्यापेक्षा अधिक फायदा असतो म्हणून, तेव्हा त्या फायद्याबरोबर येणाऱ्या खर्चाचा वाटाही त्याने उचलावा. आजच्या परिभाषेत बोलायचे तर निरोगी मूल हा सार्वजनिक लाभ आहे: त्याचा फायदा एका घरापुरता न राहता सगळ्या समाजाला मिळतो, म्हणून त्याचा खर्च एकट्या घरावर टाकणे अन्यायाचे, आणि एकट्या मालकावर टाकणे धोक्याचे.

१९२९ च्या कायद्याने यातला दुसरा, धोक्याचा मार्ग धरला. बाळंतपणाआधीचे तीन आणि नंतरचे चार असे सात आठवडे दिवसाला आठ आणे मालकाने द्यावेत आणि प्रसूतीनंतर चार आठवडे स्त्रीला कामावर घेऊ नये, असे ठरले. सातही आठवड्यांचा प्रत्येक दिवस धरला तर ही रक्कम जास्तीत जास्त साडेचोवीस रुपये होते. वर मांडलेल्या हिशेबातल्या कर्जाइतकीच ती जवळजवळ आहे. रक्कम थोडी होती, पण सावकाराकडे जाणारे एक पाऊल ती वाचवत होती. पुढच्याच वर्षी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात तसाच कायदा झाला आणि त्यामुळे नागपूर-विदर्भातल्या गिरण्यांतील स्त्रियाही त्याच्या कक्षेत आल्या.

उणीव होती ती पैसे कोणी द्यायचे या कलमात. खर्च ज्या त्या मालकावर टाकल्यामुळे प्रत्येक स्त्री कामगार ही गिरणीच्या वहीत संभाव्य खर्चाची बाब बनली. गरोदरपण दिसू लागताच कामावरून कमी करणे, नोकरीची ठराविक मुदत भरू न देणे, लग्न झालेल्या तरुण स्त्रियांना घेण्याचे टाळणे, या युक्त्यांविषयी पुढच्या वर्षांत वारंवार लिहिले गेले, आणि द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखालच्या कामगार चौकशी समितीने १९४० च्या दशकात देशभर अशा पळवाटा नोंदवल्या. गिरण्यांतले स्त्रियांचे प्रमाण पुढच्या काही दशकांत घटत गेले. रात्रपाळीवरची बंदी आणि नव्या यंत्रांमुळे झालेली नोकरकपात ही त्याची मोठी कारणे होती, आणि केवळ प्रसूती लाभामुळे बायका गिरणीबाहेर गेल्या असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पण कायद्याने मालकाच्या हाती आणखी एक सबब दिली, हे नाकारता येत नाही.

यावरचा उपाय सामाजिक विमा हा होता. सामाजिक विमा म्हणजे कामगार, मालक आणि सरकार यांनी एका सामाईक निधीत नियमित वर्गणी भरायची आणि आजार, अपघात किंवा बाळंतपण आले की त्या निधीतून पैसे द्यायचे. त्यामुळे गिरणीत बायका दोन असोत की दोनशे, मालकाची वर्गणी बाळंतपणांवर अवलंबून राहत नाही आणि स्त्रीला टाळण्याचे कारण उरत नाही. मुंबई सरकारने नेमलेल्या कापड कामगार चौकशी समितीने, जिच्यावर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते, १९४० च्या अहवालात आजारपणाच्या विम्याचा विचार केला. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्यावर औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले आणि १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. आडारकरांना हे काम करताना एक अडचण पदोपदी आली: कामगार वर्षातून सरासरी किती दिवस आजारी असतो, याची भरवशाची आकडेवारी देशात कोठेच नव्हती, आणि त्याशिवाय वर्गणीचा दर बसवता येत नाही. ती अडचण मान्य करून त्यांनी गणित मांडले. त्याच पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीला योजना सुरू झाली आणि १९५४ मध्ये ती मुंबईच्या कामगारांपर्यंत पोचली. आंबेडकरांनी १९२८ मध्ये तत्त्व म्हणून जे मान्य केले होते, त्याला विमाधारक स्त्रियांपुरते तरी व्यवहारात रूप यायला सव्वीस वर्षे लागली.

विम्याच्या बाहेर राहिलेल्यांसाठी मात्र जुनाच मार्ग चालू राहिला. १९६१ च्या केंद्रीय प्रसूती लाभ कायद्याने बारा आठवड्यांची रजा दिली आणि २०१७ च्या दुरुस्तीने ती सव्वीस आठवड्यांवर नेली. दोन्ही वेळा खर्च मालकावरच ठेवला गेला, आणि दोन्ही वेळा छोट्या आस्थापना स्त्रियांना नोकरी देण्याचे टाळतील ही भीती व्यक्त झाली. मुंबईच्या गिरण्यांतला अनुभव छापील स्वरूपात हाती असताना तेच कलम पुन्हा लिहिले जावे, ही खेदाची गोष्ट आहे. असंघटित स्त्रीसाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात किमान सहा हजार रुपयांच्या मातृत्व लाभाची तरतूद आहे. १९२९ मध्ये सरकारने हात वर केले होते, त्या मानाने सरकारी तिजोरीतून पैसे देण्याचे हे तत्त्व निश्चितच पुढचे पाऊल आहे, पण रक्कम काही महिन्यांच्या मजुरीशी जोडलेली नाही.

गिरण्या गेल्या, गिरणगावही गेले. पण आईच्या बुडालेल्या दिवसाचा हिशेब महाराष्ट्रात आजही तसाच मांडला जातो, फक्त तो आता उसाच्या फडात मांडला जातो. दिवाळीनंतर बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून जोडपी तोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, आणि एक दिवस काम चुकले की खाडा लागतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंडाची रक्कम उचलीत चढते. पाळीचे दुखणे, गरोदरपण, अंगावरून जाणे, या प्रत्येकाला त्यामुळे खाड्याचा भाव आहे. अशा बायकांत गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणात होत असल्याचे उघड झाल्यावर राज्य सरकारने २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीसमोर आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली.